चासी नंबर

फिटनेसच्या दिवशी आरटीओत गाडीआधी नंबर बघतात. पुढच्या चाकाजवळ चासीच्या पट्टीवर ठोकलेले आकडे पॉलिश पेपरनं घासून उजळ करायचे, त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी करून फिरवायची. कागदावर आकडे उमटतात. पुस्तकातल्या आकड्यांशी जुळले तर गाडी ती, नाहीतर ती गाडीच नाही. इंजिन बदललं तर अर्ज करून नोंद करून घेता येते. रंग बदलला, हौदा बदलला, मालक बदलला, सगळ्याला कागद आहेत. चासी नंबर तेवढा जन्माबरोबर मिळालेला, तो मरेपर्यंत तोच.

आत्मा कुठं असतो, या प्रश्नाला इतकं रोखठोक उत्तर मी दुसरीकडं ऐकलेलं नाही. पण ते मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायला मला माझ्या गाड्यांबद्दलच बोलावं लागेल, कारण सांगली ते सातारा हाच माझा मुलूख आणि गाडी हीच माझी विद्या.

आमचे आबा टाटाच्या १२१० ट्रकवर होते. टेल्कोनं १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला, तो १९६९ पर्यंत चालला. त्या काळातल्या गाड्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असायचा. करार संपला, तारा गेला, पण आबांच्या तोंडी गाडीचं नाव शेवटपर्यंत ‘बेंझ’च राहिलं. मी स्वतः घेतली ती ४०७, तीही सेकंड-हँड, एमएच ११ पासिंगची. ४०७ बाजारात आली १९८६ साली. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान अशा जपानी भागीदारीतल्या गाड्या त्याच सुमारास रस्त्यावर उतरत होत्या. त्यांतल्या काही आज फक्त जुन्या माणसांच्या बोलण्यात उरल्यात. ४०७ अजून दिसते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, गूळ, बेदाणा भरायचा, पेठनाक्यावरून हायवेला लागायचं, कराड, उंब्रज करत साताऱ्याला यायचं, कोरेगाव आणि वाईच्या दुकानांना माल द्यायचा, परतीला कोरेगावचा घेवडा मिळाला तर बरं. हे माझं काम.

त्या गाडीतलं काय काय बदललं ते सांगतो. इंजिन एकदा पूर्ण थकलं, तेव्हा हाफ इंजिन आणून बसवलं, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं नवं, वरचं हेड तेवढं जुनं. पुढं दोन वर्षांत हेडही चिरलं. गिअरबॉक्स भंगारातून आणलेला दुसऱ्या गाडीचा. पाटे तर पेठ-सांगली रस्त्यानं खाल्ले. त्या रस्त्याचे खड्डे ज्यानं वर्षानुवर्षं सोसलेत त्याला पाट्याचं वरचं पान तुटल्याचा आवाज झोपेतही ओळखू येतो. किंगपिन, बुश, हब, रेडिएटर, डिफरन्शियल, सगळं कधी ना कधी उतरलं. लाकडी हौदा कुजला, तो काढून पत्र्याचा केला. केबिन गंजली, तिचा खालचा भाग कापून नवा जोडला. राहता राहिली चासी. तिलाही मागच्या बाजूला तडा गेला. आमच्या मिस्त्रींनी, आण्णांनी, वेल्डिंग करून आतून पट्टी मारली.

आणि तरी गावातली पोरं लांबून हॉर्न ऐकून म्हणायची, “दादाची गाडी आली.” हॉर्नही बदललेला होता.

ग्रीकांमध्ये थीसियसच्या जहाजाची अशीच कथा आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जपून ठेवलं, कुजेल ती फळी बदलत गेले, आणि पंडित वाद घालत राहिले की जहाज तेच की दुसरं. आपल्याकडचे नैयायिक तर याहून कडक. एक अवयव गेला की जुनी वस्तू संपली आणि नवी उपजली, ‘तीच ही’ असं वाटतं ते सारखेपणामुळं, असा त्यांचा निवाडा. पण मला हा प्रश्न पुस्तकातून भेटला नाही. तो भेटला माझ्या जोडीदारामुळं.

हा जोडीदार माझ्याकडं क्लीनर म्हणून आला आणि पुढं दुसरा ड्रायव्हर झाला. साताऱ्याचा, बौद्ध घरातला. ज्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला लहानग्या भीमरावांचं नाव शाळेत दाखल झालं, त्या गावाचा त्याला मोठा अभिमान. बुद्धपौर्णिमेच्या व्याख्यानात ऐकलेलं तो केबिनमध्ये आणायचा. एकदा उंब्रजजवळ पंक्चर काढून झाल्यावर, हात पुसता पुसता त्यानं मला मिलिंद राजाची गोष्ट सांगितली. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला, राजधानी सागल, आजचं सियालकोट. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या कॉलेजला पुढं याच राजाचं नाव मिळालं. हा राजा भिक्खू नागसेनाकडं जातो. नागसेन विचारतो, तू कशानं आलास? राजा म्हणतो, रथानं.

“आता दादा, तुमी सांगा,” जोडीदार म्हणाला. “स्टेअरिंग म्हंजे गाडी का?”

“न्हाई.”

“इंजिन?”

“न्हाई.”

“चाकं? हौदा? चासी?”

चासीला मी अडलो. तो म्हणाला, “सगळं सुटं करून हितं रस्त्यावर मांडलं, तर त्यो ढीग म्हंजे गाडी का?”

नागसेनाचं उत्तर असं की सगळे भाग एका रीतीनं जुळून आले की आपण त्याला रथ म्हणतो. नाव व्यवहारापुरतं खरं. त्या भागांच्या पलीकडं ‘रथ’ नावाची वेगळी चीज आत बसलेली नाही. आणि जे रथाचं तेच माणसाचं.

माझ्या घरी माळ. आई हरिपाठ म्हटल्याशिवाय जेवायची नाही. आमच्याकडं रथाची दुसरी गोष्ट, कठोपनिषदातली. शरीर हा रथ, आत्मा त्यातला मालक, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. इथं मालक ठाम बसलेला आहे, भाग झिजोत, घोडे बदलोत. म्हणजे एकाच केबिनमध्ये, एकाच रात्री, एक जण म्हणतो आत कुणी नाही, दुसरा म्हणतो आतलाच तेवढा खरा. भांडण कधी झालं नाही. चहा मात्र खूप झाला. मी त्या दोन्ही गोष्टी गाडीवर लावून बघत राहिलो, आणि त्यातून मला जे दिसलं ते स्टेअरिंगवर दिसलं.

जुन्या गाडीचं स्टेअरिंग, कुठल्याही कंपनीचं घ्या, उभ्या गाडीत वळवायचं म्हणजे खांद्यातून ताकद लागायची. गिअर टाकताना दोनदा क्लच मारायचा, मधे इंजिनचा आवाज ऐकून रेस द्यायची, वेग जुळला की दांडा आपोआप आत जायचा, नाही जुळला तर दात कराकरा वाजून सगळ्या रस्त्याला कळायचं. त्यात शरीराची फार झीज झाली. आबांची कंबर त्यात गेली. पण त्या गाडीत रस्ता थेट तळहातात यायचा. पुढच्या टायरची हवा कमी झालीय, डाव्या ड्रमचं लायनर ओलं झालंय, माल एका बाजूला सरकलाय, हे मीटर न बघता कळायचं. लगाम खरोखर हातात होता.

माझी नवी गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची. हा नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला. तिचं स्टेअरिंग एका बोटानं फिरतं. अॅक्सिलरेटरला ओढायची केबल नाही, तो फक्त कॉम्प्युटरला कळवतो की ड्रायव्हरला वेग हवाय, डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. ब्रेक गच्च दाबला तरी एबीएस चाक पूर्ण अडकू देत नाही, दाब सोडतं-धरतं, म्हणून ओल्या रस्त्यावर गाडी सहसा घसरत नाही आणि स्टेअरिंग हातात राहतं. मी माल घेऊन सांगलीहून पुण्याकडं जातो तेव्हा खंबाटकीचा बोगदा संपल्यावर ते कुप्रसिद्ध एस वळण उतरावं लागतं. तिथं किती गाड्या उलटल्या, किती माणसं गेली, ते त्या भागातल्या लोकांना विचारा. जुन्या गाडीत ते वळण मी छाती आवळून उतरायचो, ज्या गिअरमध्ये चढावं त्याच गिअरमध्ये उतरावं हा आबांचा नियम पाळून, लायनर तापल्याचा वास येतोय का ते हुंगत. नव्या गाडीत तेच वळण मी गाणं ऐकत उतरलो असतो तरी चाललं असतं. उतरत नाही, ती गोष्ट वेगळी.

मग प्रश्न असा की आता सारथी कोण? ब्रेक मी मारला की कॉम्प्युटरनं?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं दिलीत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. मी ती ड्रायव्हरच्या नजरेनं वाचतो. रस्ता आणि गाडी हे अधिष्ठान. स्टेअरिंग, ब्रेक हे करण. हातापायांची धडपड ती चेष्टा. दैव म्हणजे गळिताच्या हंगामात कराडच्या अलीकडं अंधारात उभी असलेली, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली. आणि कर्ता? नव्या गाडीत करणच निर्णय घ्यायला लागलं, म्हणून ते कर्ता झालं का? माझं उत्तर एक स्वच्छ ‘नाही’ आहे. ट्रॉलीवर गाडी गेली तर पंचनाम्याला कॉम्प्युटर उभा राहत नाही, आणि मेलेल्याच्या घरी कॉम्प्युटरला जावं लागत नाही. जाब ज्याला द्यावा लागतो तो कर्ता. लगाम हातात किती आहे यावर ते ठरत नाही.

हे उमगल्यावर मला नागसेनाचीच दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटायला लागली. राजा विचारतो, आत कुणी कायमचा नसेल तर एकाच्या कर्माचं फळ दुसऱ्याला कसं? नागसेन म्हणतो, समजा एकानं कुणाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, मालकानं लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. तर सुटेल का तो? नाही सुटणार, कारण हे आंबे त्यांच्यापासूनच आलेत. जोडीदारानं हे सांगितलं तेव्हा मला एकदम चासी नंबर आठवला. लोखंड तेच आहे म्हणून गाडी ‘ती’ नाही. तिच्यामागं न तुटलेली जबाबदारी आहे म्हणून ती ‘ती’ आहे. तो नंबर त्या जबाबदारीचा पत्ता आहे, एवढंच.

याचा पडताळा मला वारीत मिळाला. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढं जाते. दिंडीबरोबर तंबू, भांडी, शिधा वाहायला ट्रक लागतो, आणि माझी ४०७ आषाढीला दिंडीची गाडी व्हायची. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती सातारा जिल्ह्यातल्याच आरफळच्या हैबतबाबांनी, १८३२ च्या सुमारास. रथापुढं सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. त्या क्रमांकात तेव्हा चालणारा आज एकही माणूस नाही. त्यांची नातवंडंही नाहीत. रथ ओढणारी बैलजोडी दरवर्षी नव्यानं निवडतात. तरी दिंडी तीच.

कशामुळं तीच, ते संध्याकाळी समाजआरतीला कळतं. चोपदारानं दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीला तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा होतो. ज्या दिंडीकडून चूक झाली तिला तिथंच उत्तर द्यावं लागतं. क्रमांक आमचा आहे पण कालची चूक आमची नाही, असं कुणी म्हणत नाही. मला वाटतं परंपरा यानंच टिकते. तिथं मला आईचा आत्मा आणि जोडीदाराचा अनात्मा यांत फारसं अंतर दिसेना. दोघंही सांगत होते की मिळालेलं नीट वाहा आणि पुढच्याच्या हाती नीट दे. तत्त्वज्ञ यावर समाधानी होणार नाहीत. मी झालोय.

आता टिकाऊपणाकडं येतो, कारण जुनी गाडी बरी की नवी, हे मला रोज कुणीतरी विचारतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा माझी ४०७ पाण्यात होती. पाणी उतरल्यावर आण्णांनी आधी बॅटरी सोडवली आणि स्टार्टर कुणाला मारू दिला नाही. चारही नोझल काढली, इंजिन हातानं फिरवलं, सिलिंडरमधलं पाणी भोकांतून बाहेर फेकलं गेलं. मग इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियलचं ऑइल काढलं. चहासारखं दुधाळ झालेलं. स्टार्टर, डायनामो उन्हात वाळवले, डिझेलची टाकी धुतली, फिल्टर बदलले, पंपातली हवा काढली. गाडी सुरू झाली. आसपासच्या नव्या गाड्या मात्र टो होऊन गेल्या, आणि वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये शिरलेल्या पाण्यानं त्यांचे मालक पुढं कितीतरी दिवस हैराण होते.

यावरून लोक म्हणतात, जुनं ते सोनं. मला तसं म्हणवत नाही. नव्या गाडीचं इंजिन उघडायची वेळच जुन्याच्या मानानं फार कमी येते, ऑइल बदलायचं अंतर कितीतरी वाढलंय. जुनी गाडी झिजत झिजत दुरुस्त होत जगते. नवी झिजत नाही, पण अडली की अडली. जुनं नोझल सुमारे दोनशे बारला उघडायचं, नव्या कॉमन रेलमध्ये डिझेल दीड हजार बारच्या पुढच्या दाबानं येतं. रस्त्याकडेला पान्यानं नट ढिला करून बघायची ती जागा नाही, डिझेलची धार कातडी फोडून आत जाईल.

माझ्या नव्या गाडीत काजळी अडवायचा फिल्टर आहे. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी लांब पल्ल्याला एका लयीत पळावी लागते, आणि माझं काम पडलं दुकानादुकानासमोर थांबायचं. फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, गाडी ओढ धरत नाही. एकदा आष्ट्याच्या पुढं अशीच मेली. धूर साफ करायच्या युरियाची टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, कुठं गळती नाही, आणि मी आणि आण्णा बॉनेटसमोर हात बांधून उभे. लॅपटॉपवाला यायला दुसरा दिवस उजाडला. माल उतरवून दुसऱ्या गाडीत घालावा लागला. ज्या माणसानं पुरात बुडालेलं इंजिन उठवलं त्याच्या हाताला त्या गाडीत धरायला जागा नव्हती. ही गोष्ट मला डिझेलच्या भावापेक्षा जास्त लागते. जी वस्तू आपल्याला दुरुस्त करता येत नाही तिची जबाबदारी आपण घ्यायची कशी? मालकी कागदावर माझी, आणि जाब द्यायची वेळ आली तर तोही माझाच, पण तिच्या पोटात काय चाललंय ते बघायची किल्ली दुसऱ्याकडं.

तरीही जुन्याच्या बाजूनं मी निकाल देणार नाही, आणि त्याचं कारण धूर आहे. चढावर माझी ४०७ काळा लोट सोडायची. मागं मोटारसायकलवर बसलेली बाई पदर नाकाला लावायची. रस्त्याकडेच्या शाळेची पोरं त्यातूनच चालायची. माझी गाडी टिकली ती त्यांच्या छातीवर टिकली, हे नाकारता येत नाही. आबांच्या कमरेवर आबांची गाडी टिकली. कुणाच्या तरी देहातून वसूल होणारा टिकाऊपणा हा गुण धरायला मी तयार नाही, आणि अहिंसा पहिली मानणाऱ्या आईच्या आणि जोडीदाराच्या दोन्ही धर्मांना तो चालेल असं मला वाटत नाही. नवा फिल्टर मला कितीही छळो, त्यानं अडवलेली काजळी कुणाच्या तरी पोराच्या फुप्फुसात गेलेली नाही. हे मी दिवा लागल्यावर स्वतःला सांगतो.

४०७ च्या चासीचा तडा पुन्हा उघडला तेव्हा जतकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं. भंगारापेक्षा चांगला भाव देत होतं. आण्णा गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, “पट्टी आणखी एक मारता येईल. पण भरल्या गाडीची हमी मी देणार नाही.” घेणारा भरणारच होता, वीटभट्टीचं काम त्याचं. मी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली. तिथं चासी नंबरचा तुकडा कापून वेगळा काढतात, कागद देतात, आणि आरटीओतली नोंद रद्द होते. ज्या जबाबदारीनं ती गाडी ‘ती’ होती, तिचं शेवटचं काम तेवढंच उरलं होतं. पैसे कमी आले.

हे वाचणाऱ्यांत गाडीवाले असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्याकडं जुनी गाडी विकताना रंग मारतात, हौद्यावर नवं नाव घालतात, दसऱ्याला झेंडूची माळ घालून देतात, आणि खालचं कुणी सांगत नाही. घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढून पहिली गाडी घेणारा पोरगा असतो. त्याला गाडीखाली घेऊन जा. किंगपिन हलवून दाखवा, ड्रम उघडून लायनर दाखवा, चासीला कुठं वेल्डिंग आहे तिथं त्याचं बोट ठेवा. आणि ब्रेक करून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. गाडी बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की पेठनाक्यावरच्या, उंब्रजच्या, कोरेगावच्या मिस्त्र्यांना तुमच्या नव्या गाड्यांचं शिक्षण द्या आणि दोष वाचायचं यंत्र त्यांना परवडेल अशा भावात द्या. आमच्या आण्णांचं वय झालंय, पण त्यांच्या हाताखालची दोन्ही पोरं आयटीआय झालेली आहेत आणि शिकायला तयार आहेत.